स्पीकरची 'कुंईss' ज्यानं सुरात आणली, तो डावरा जिमी हेंड्रिक्स

उमरी असो, भोकर असो नाहीतर लातूर, गणपतीच्या मांडवात एक प्रसंग ठरलेला असतो. सूत्रसंचालक माइक घेऊन बोलत बोलत स्पीकरच्या पुढ्यात जातो आणि कानठळ्या बसवणारी 'कुंईssss' सुरू होते. साउंडवाला पळत येतो, आवाज कमी करतो, सूत्रसंचालकाला मागं सरकवतो. लेकरं कानावर हात ठेवून हसतात.

या आवाजाला फीडबॅक म्हणतात. स्पीकरमधून निघालेला आवाज परत माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये जातो. हा फेरा थांबतच नाही. जगातला प्रत्येक साउंडवाला तो टाळायला बघतो. साठेक वर्षांपूर्वी एका माणसानं मात्र हाच आवाज पाळला, सुरात आणला आणि गिटारवर हवा तेव्हा, हवा तेवढा वाजवला.

जिमी हेंड्रिक्स. पिंजारलेले केस, कपाळाला पट्टी आणि उलटी धरलेली गिटार, असा त्याचा फोटो तुम्ही एखाद्या टी-शर्टवर नक्की पाहिला असणार. जगाला तो माहीत होता जेमतेम चार वर्षं. हयातीत स्टुडिओत केलेले अल्बम तीनच. तरी आज कुणी इलेक्ट्रिक गिटार शिकायला बसलं की त्याचं नाव टाळून पुढं जाता येत नाही.

असं काय होतं त्याच्या वाजवण्यात? त्यासाठी आधी एका झाडूची गोष्ट बघू.

जिमीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटल शहरातला. आई ल्युसिल तेव्हा १७ वर्षांची. वडील ॲल सैन्यात होते, त्यांना मुलाला बघायला सुट्टीसुद्धा मिळाली नाही. पोराचं नाव आधी जॉनी ॲलन होतं. वडील परत आल्यावर १९४६ मध्ये त्यांनी ते बदलून जेम्स मार्शल केलं. घरात गरिबी, दारू, भांडणं. १९५१ मध्ये आईवडिलांचा घटस्फोट झाला आणि १९५८ मध्ये आई गेली. तेव्हा जिमी १५ वर्षांचा होता.

या पोराला गिटारचं वेड होतं, पण गिटार नव्हती. तो झाडू हातात धरून गिटार वाजवल्याचं सोंग करायचा. ते बघून शाळेतल्या समाजसेविकेनं गरीब मुलांच्या निधीतून त्याला गिटार द्यावी म्हणून प्रयत्न केले. नकार आला. पुढं १९५७ मध्ये वडिलांबरोबर एका बाईंच्या घरातली अडगळ काढताना त्याला एक युकुलेली सापडली, म्हणजे गिटारची छोटी बहीण. तिला चारच्या जागी एकच तार उरली होती. त्या एका तारेवर तो रेडिओवरची गाणी ऐकून ऐकून बसवायचा. पुढच्या वर्षी ५ डॉलरला एक जुनी गिटार मिळाली आणि १९५९ मध्ये वडिलांनी पहिली इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली.

इथं एक अडचण होती. जिमी डावरा होता आणि गिटार उजव्या हाताची.

डावऱ्या पोरांचं आपल्याकडं काय होतं ते सांगायला नको. जेवताना डावा हात पुढं आला की आज्जी चापट मारते. सिएटलमध्येही फार वेगळं नव्हतं. वडिलांना डावरेपणा अशुभ वाटायचा आणि ते समोर असले की जिमी गुपचूप गिटार फिरवून उजव्या हातानं वाजवायचा, असं त्याचा धाकटा भाऊ लिऑन सांगत आला आहे. वडील नजरेआड झाले की गिटार पुन्हा उलटी.

उलटी म्हणजे नेमकी कशी? गिटारला सहा तारा असतात. जाड तार वर आणि सगळ्यात बारीक तार खाली. उजव्या हाताची गिटार डावऱ्यानं फिरवून धरली की हा क्रम उलटतो. जिमी मग सगळ्या तारा काढून पुन्हा आपल्या सोयीनं, जाड तार वर घेऊन लावायचा. तारा सरळ झाल्या, पण गिटारचा बाकी सगळा देह उलटाच राहिला.

पुढं त्याची लाडकी झालेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर ही गिटार उलटी केली की गंमत होते. तारांचं कंपन पकडणारा पिकअप नावाचा भाग पुलाजवळ, म्हणजे घोडीजवळ, तिरका बसवलेला असतो. तो अशा बेतानं, की बारीक तारांना धार यावी आणि जाड तारांना गोलाई. जिमीच्या गिटारमध्ये हा तिरकेपणा उलटा झाला. जाड तारा कडक, ठसठशीत बोलू लागल्या आणि बारीक तारांचा आवाज थोडा मऊ झाला. खुंट्यांकडचा भागही उलटा असल्यानं तार खेचताना बोटांना लागणारा ताण बदलला. आवाजाची बटणं आणि सूर हलवणारी लोखंडी कांडी, जी एरवी हाताच्या खाली असते, ती वर आली. कंपनीच्या हिशेबानं सगळंच चुकीच्या जागी होतं. त्याच्या आवाजाचा एक वाटा इथून आला. बाकीचा बोटांतून, आणि तो वाटा फार मोठा.

त्याआधी मधली काही वर्षं भराभर सांगून टाकू. चोरीच्या गाड्यांतून फिरताना दोनदा पकडला गेल्यावर त्याच्यापुढं दोन वाटा होत्या, तुरुंग किंवा लष्कर. १९६१ मध्ये तो लष्करात गेला आणि पॅराशूटनं उडी मारणाऱ्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये दाखल झाला. शिपाई म्हणून साहेब लोक त्याच्यावर वैतागलेले असायचे, कारण याचं सगळं लक्ष गिटारमध्ये. १९६२ मध्ये तो बाहेर पडला. मग आयझली ब्रदर्स, लिटल रिचर्ड अशा गाजलेल्या मंडळींच्या मागं उभा राहून वाजवत गावोगाव फिरला. दातांनी तारा छेडणं, गिटार पाठीमागं धरून वाजवणं या करामती तो याच काळात शिकला. त्या भागातल्या कृष्णवर्णीय वादकांमध्ये त्या जुन्याच होत्या. टी-बोन वॉकर हे त्याच्या कितीतरी आधी करत असे.

१९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅफे वा नावाच्या छोट्या जागी त्याला चॅस चँडलर यांनी ऐकलं. चँडलर हे ॲनिमल्स या ब्रिटिश बँडचे बासवादक. ते त्याला २४ सप्टेंबर १९६६ ला लंडनला घेऊन गेले. आठवडाभरात, १ ऑक्टोबरला, तो एरिक क्लॅप्टनच्या क्रीम या बँडबरोबर मंचावर चढला. तेव्हा लंडनच्या भिंतींवर क्लॅप्टनला देव म्हणणाऱ्या ओळी रंगवलेल्या असायच्या. जिमीनं दिलेलं वाजवणं ऐकून क्लॅप्टन हादरून गेला. पुढं दोघांची चांगली मैत्री झाली, हेही सांगायला हवं.

आता बोटांकडं येऊ.

गिटार शिकवताना मास्तर सांगतात, डाव्या हाताचा अंगठा दांडीच्या मागं ठेवा. जिमीचे पंजे मोठे होते. तो अंगठा दांडीवरून पुढं आणून जाड तार त्यानंच दाबायचा. याचा फायदा असा, की खर्जाचा सूर अंगठ्यानं सांभाळला की चार बोटं मोकळी राहतात. त्या मोकळ्या बोटांनी तो कॉर्डच्या आजूबाजूला छोट्या छोट्या जागा घ्यायचा, जशा ठुमरीत गायिका एका शब्दाभोवती घेते. 'लिटल विंग' किंवा 'द विंड क्राइज मेरी' हेडफोन लावून ऐका. दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं, एक साथीला आणि एक गाण्याला. गिटारवाला एकटाच आहे.

दुसरी गोष्ट 'पर्पल हेझ' मधली. १९६७ च्या या गाण्यात एक कॉर्ड आहे, ई सेव्हन शार्प नाइन. जॅझवाल्यांना तो आधीपासून माहीत होता, पण आज त्याला सगळे हेंड्रिक्स कॉर्ड म्हणतात. त्यात शुद्ध गंधार आणि कोमल गंधार एकाच वेळी वाजतात. आपल्या राग जोगमध्येही दोन्ही गंधार आहेत, पण ते एकामागून एक येतात, समोरासमोर भिडत नाहीत. जिमीनं ते एकाच झटक्यात भिडवले. ते गाणं सुरू झालं की पोटात काहीतरी ढवळल्यासारखं होतं ना, त्यात या भांडणाचा मोठा हात आहे.

आणि तिसरी, आपली मांडवातली कुंई. फीडबॅक वापरणारा तो पहिला नव्हता. बीटल्सच्या १९६४ च्या 'आय फील फाइन' ची सुरुवातच त्या आवाजानं होते. पण बाकीच्यांसाठी तो एखादा चटका होता. जिमी मोठे मार्शल अँप्लिफायर पूर्ण आवाजात लावायचा आणि त्यांच्यासमोर उभा राहायचा. स्पीकरची हवा गिटारच्या तारांना धडकून त्या आपोआप थरथरत राहायच्या. मग तो एक पाऊल मागं घ्यायचा, गिटार जरा वळवायचा, कांडी दाबायचा आणि ती किंकाळी दुसऱ्या सुरावर जायची. सूर संपतच नाही, सनईवाल्यानं श्वास न तोडता धरून ठेवावा तसा. गिटारची तार एकदा छेडली की आवाज विरायला लागतो, ही त्या वाद्याची जुनी मर्यादा. ती त्यानं अशी मोडली.

(योगायोग बघा, हे अँप बनवणाऱ्या माणसाचं नावही जेम्स मार्शल. जिमीचा ड्रमर मिच मिचेल पोरसवदा वयात त्याच्याच दुकानात काम करायचा.)

पायाखाली असायची फझ फेस नावाची पेटी, जी आवाज फाडते. वा-वा पेडल असायचं, ज्यानं गिटार बोलल्यासारखी वाटते. ब्रिटिश नौदलासाठी आवाजावर संशोधन केलेल्या रॉजर मेयर यांनी बनवलेलं ऑक्टेव्हिया असायचं, जे वाजवलेल्या सुरावर वरच्या सप्तकातला सूर चढवतं. ही सगळी यंत्रं पैसे दिले की कुणालाही मिळतात, आज तर मोबाइल ॲपमध्येही आहेत. पण पेटी दाबून तसा आवाज येत नाही, हे विकत घेतलेल्या प्रत्येकाला आठवड्याभरात कळतं. जिमीला स्टाफ नोटेशन वाचता येत नव्हतं. जे होतं ते कानात.

त्या कानाचा एक किस्सा. बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स' हा अल्बम १ जून १९६७ ला आला. ४ जूनला लंडनच्या सॅव्हिल थिएटरमध्ये जिमीनं कार्यक्रमाची सुरुवातच त्या अल्बमच्या पहिल्या गाण्यानं केली. प्रेक्षकांत पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन बसले होते. तीन दिवसांत गाणं बसवून ते बनवणाऱ्यांसमोरच वाजवायचं, याला छातीच लागते.

त्याच महिन्यात, १८ जूनला, कॅलिफोर्नियातल्या माँटेरे महोत्सवात त्यानं मंचावर गिटार पेटवून दिली. अमेरिकेत एका रात्रीत नाव झालं. पण खरं सांगायचं तर त्या आगीनं त्याचं नुकसानही केलं. लोक वाजवणं ऐकायला कमी आणि तमाशा बघायला जास्त येऊ लागले. दातांनी वाजव, जाळून दाखव. पुढं पुढं त्याला याचा कंटाळा येत गेला आणि तो मंचावर शांत उभा राहून वाजवू लागला, तर काही प्रेक्षक नाराज व्हायचे.

शांत उभा राहून तो काय करू शकतो, ते १८ ऑगस्ट १९६९ ला वुडस्टॉकमध्ये दिसलं. महोत्सव लांबत लांबत सोमवारची सकाळ उजाडली होती. लाखोंच्या गर्दीतले बहुतेक लोक घरी गेले होते, मैदानात चिखल आणि कचरा. जिमीनं अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवायला घेतलं. शब्द नाहीत, फक्त गिटार. त्या गीतात रॉकेट आणि बॉम्बचा उल्लेख येतो. तिथं पोहोचल्यावर त्यानं सूर सोडला आणि फीडबॅक व कांडीच्या जोरावर विमानांची घरघर, पडणारे बॉम्ब, किंकाळ्या उभ्या केल्या. मधेच लष्करी अंत्यविधीला बिगुलावर वाजवतात ती 'टॅप्स' ही धून आली. मग पुन्हा राष्ट्रगीत. व्हिएतनामचं युद्ध तेव्हा पेटलेलं होतं आणि तो ज्या १०१ व्या डिव्हिजनमध्ये होता, तिचे सैनिक तिथं मरत होते. काहींना हा राष्ट्रगीताचा अपमान वाटला. ऐकणाऱ्यानं स्वतः ठरवावं, पण ज्या आवाजाला साउंडवाले बिघाड म्हणतात, त्याच आवाजात त्यानं एक अख्खं युद्ध सांगितलं, एवढं नक्की.

पुढचं वर्ष धावपळीचं गेलं. सततचे दौरे, मॅनेजर लोकांचे करार, कोर्टाची प्रकरणं, ड्रग्ज. त्यानं न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ बांधला, २६ ऑगस्ट १९७० ला तो सुरू झाला आणि लगोलग त्याला युरोपच्या दौऱ्यावर जावं लागलं. १८ सप्टेंबर १९७० ला लंडनमध्ये, झोपेच्या गोळ्या जास्त झाल्यानं उलटी होऊन श्वास कोंडला आणि तो गेला. वय २७. मृत्यूचं नेमकं कारण काय ठरवायचं, यावर चौकशी अधिकाऱ्यानं निकाल खुला ठेवला. मृत्युपत्र नव्हतं. त्याच्या संगीताचे हक्क वडिलांच्या हातात यायला १९९५ साल उजाडलं, तेही कोर्टकचेऱ्या करून.

लंडनमध्ये ब्रूक स्ट्रीटवर तो राहायचा ते घर आता संग्रहालय आहे. शेजारच्या घरात त्याच्या दोनशे वर्षं आधी हँडेल हा थोर संगीतकार राहत होता. इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओही सुरू आहे, पुढं स्टीव्ही वंडरनं तिथं काम केलं.

आणि फेंडर कंपनीनं २०१५ मध्ये जिमीच्या नावाची एक स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली. ती उजव्या हातानं वाजवणाऱ्यांसाठी आहे. फक्त तिचा खुंट्यांचा भाग मुद्दाम उलटा लावलाय आणि घोडीजवळचा पिकअपही मुद्दाम उलट्या बाजूनं तिरका.