हवेची परीक्षा घेणारे टिंडल

शस्त्रक्रियागृहात भूल दिलेल्या रुग्णाच्या उशाशी एक पडदा असतो. त्यावरची एक रेघ प्रत्येक श्वासागणिक वर चढते आणि खाली येते. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड किती आहे, हे ती सांगते. श्वासनलिकेत घालायची नळी चुकून अन्ननलिकेत गेली, तर ही रेघ सपाट होते आणि भूलतज्ज्ञ लगेच सावध होतात. हे यंत्र उच्छ्वासातून अवरक्त किरण सोडते आणि त्यातले किती अडले ते मोजते. पृथ्वी राहण्याजोगी उबदार का आणि शुक्र भट्टीसारखा तापलेला का, याचे उत्तरही याच तत्त्वात आहे. ते प्रयोगशाळेत मोजून दाखवले जॉन टिंडल यांनी.

टिंडल यांचा जन्म १८२० साली आयर्लंडमधील कार्लो परगण्यात, बेताच्या परिस्थितीतल्या घरात झाला. तरुणपणी त्यांनी जमीनमोजणी केली, रेल्वेमार्गांचे सर्वेक्षण केले, शाळेत शिकवले. १८४८ मध्ये ते जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठात शिकायला गेले. १८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते प्राध्यापक झाले आणि मायकेल फॅरेडे यांचे सहकारी बनले.

१८५९ मध्ये त्यांनी एक लांब नळी घेतली. काच उष्णतेचे किरण अडवते, म्हणून नळीची टोके पारदर्शक सैंधवाच्या चकत्यांनी बंद केली. नळीत एकेक वायू भरून पलीकडे किती उष्णता पोहोचते ते मोजले. ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांनी ती जवळजवळ अडवलीच नाही. हवेत अत्यल्प असणाऱ्या पाण्याच्या वाफेने आणि कार्बन डायऑक्साइडने मात्र ती चांगलीच अडवली. हे वायू उन्हात जास्त तापतात, हे अमेरिकेतील युनिस फूट यांनी १८५६ मध्येच दाखवले होते. टिंडल यांनी अदृश्य उष्णता वेगळी काढून मोजली.

याचा अर्थ असा, की हवा सूर्यप्रकाशाला बरीचशी वाट देते, पण तापलेल्या जमिनीतून परत निघालेली उष्णता रोखून धरते. हे पांघरूण नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे १८ अंश असते. शुक्राचे ढग जवळजवळ तीन चतुर्थांश सूर्यप्रकाश परतवून लावतात, म्हणून तो एवढा तेजस्वी दिसतो. तरीही कार्बन डायऑक्साइडच्या दाट थरामुळे त्याचा पृष्ठभाग सुमारे ४६० अंशांवर असतो.

पुढे टिंडल यांनी नळीतल्या विरळ वाफेत प्रकाशाचा झोत सोडला. अतिसूक्ष्म कण तयार होताच तो झोत निळा दिसू लागला. आकाशाचा निळा रंगही अशाच विखुरण्याचा, असे त्यांनी मांडले. त्यासाठी धूलिकणांचीही गरज नाही, हवेचे रेणू पुरेसे आहेत, हे नंतर लॉर्ड रॅले यांनी दाखवले.

याच झोताने टिंडल वैद्यकाकडे आले. ज्या बंद पेटीतली धूळ खाली बसून झोत दिसेनासा झाला, तिथे उकळलेला रस्सा नासला नाही. उघड्या हवेतला नासला. जंतू हवेतून येतात, या पाश्चर यांच्या मताला त्यामुळे बळ मिळाले. काही जंतूंचे बीजाणू एका उकळीने मरत नाहीत, म्हणून अधूनमधून थांबून पुन्हा उकळण्याची पद्धतही त्यांनी काढली. ती आजही टिंडलायझेशन या नावाने ओळखली जाते.

उतारवयात निद्रानाशाने त्यांना छळले. झोपेसाठी ते क्लोरल घेत आणि पोटासाठी मॅग्नेशिया. डिसेंबर १८९३ मध्ये एका सकाळी पत्नी लुइझा यांच्या हातून मॅग्नेशियाऐवजी क्लोरलचा मोठा डोस दिला गेला. चूक लगेच ध्यानात आली, डॉक्टरांनी शर्थ केली, पण त्याच दिवशी ते गेले. लुइझा त्यानंतर ४७ वर्षे जगल्या. पतीच्या चरित्रासाठी कागदपत्रे जमवत राहिल्या, पण चरित्र त्यांच्या हातून पुरे झाले नाही.

स्वच्छ भासणाऱ्या हवेतही काय दडले आहे, हे जगाला दाखवणारा माणूस घरातल्या औषधांच्या अदलाबदलीने गेला. आमच्या बाह्यरुग्ण विभागात आजही अशी माणसे येतात. सारख्या दिसणाऱ्या गोळ्या एकाच डब्यात असतात, खोकल्याच्या जुन्या बाटलीत दुसरेच काही भरलेले असते. आपल्या घरातली औषधे आज एकदा तपासा. झोपेचे औषध वेगळ्या जागी ठेवा, त्यावर ठळक अक्षरांत नाव लिहा. घरातल्यांना औषध देताना नाव प्रत्येक वेळी वाचा, सवयीच्या हातावर विसंबू नका.