शिकणाऱ्या हातांना काम आणि दाम देणारी मेरी बेथ्यून



शिष्यवृत्ती मिळाली, पदवी हाती आली, तरी कचेरीचे दार उघडत नाही, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेतून विद्या घेऊन १९१७ साली बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. तेथे शिपाई कागद लांबूनच त्यांच्या टेबलावर टाकीत. त्या शहरात त्यांना राहायला जागाही मिळेना. पदवी आणि मानाची नोकरी यांमधील ही दरी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनीही भोगली आहे. ती बुजविण्यासाठी झटलेल्या एका स्त्रीचे चरित्र आज आपणापुढे ठेवीत आहोत.

मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांचा जन्म १० जुलै १८७५ रोजी साउथ कॅरोलायना राज्यात झाला. आईवडील पूर्वी गुलाम होते. सतरा भावंडांत मेरी पंधरावी. ही सारी मुले कापसाच्या शेतात राबत. गावाकडे कृष्णवर्णीय मुलांसाठी मिशनची शाळा निघाली, तेव्हा मेरी मैलोगणती पायी जाऊन शिकू लागली. एम्मा विल्सन या शिक्षिकेने तिची हुशारी हेरली आणि पुढील शिक्षणासाठी तिचे नाव सुचविले. डेन्व्हर शहरी कपडे शिवून पोट भरणाऱ्या मेरी क्रिसमन या बाईने तिचा खर्च उचलला. शिक्षण पुरे झाल्यावर आफ्रिकेत ख्रिस्ती धर्मप्रचारक होण्याची तिची इच्छा होती. परंतु कृष्णवर्णीयांना तेथे जागा नाही, असे उत्तर मिळाले. विद्या होती, श्रद्धा होती; आडवा आला तो वर्ण!

मेरी खचली नाही. ऑगस्टा येथे ल्युसी लेनी या कृष्णवर्णीय शिक्षिकेच्या शाळेत ती काम करू लागली. शाळा कशी चालवावी, हे ती लेनीबाईंच्या हाताखाली शिकली. १९०४ साली फ्लोरिडातील डेटोना येथे तिने पाच मुलींना घेऊन स्वतःची शाळा उघडली. जवळ भांडवल होते दीड डॉलर. लाकडी खोकी हीच बाके. रताळ्याचे गोड पदार्थ विकून तिने पैसा उभा केला. १९२३ साली ही शाळा मुलांच्या कुकमन संस्थेशी जोडली गेली आणि पुढे तिचे महाविद्यालय झाले.

आता तिच्या सर्वांत मोठ्या कार्याकडे वळू. मंदीच्या काळात, १९३५ साली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने राष्ट्रीय युवक प्रशासन स्थापन केले. गरीब विद्यार्थ्यांना ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कचेरीत काही तास काम द्यायचे आणि त्याचे वेतन द्यायचे, अशी योजना होती. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला महिन्याला साधारण १५ डॉलर मिळत. १९३६ पासून बेथ्यूनबाई तेथे कृष्णवर्णीयांचा विभाग पाहू लागल्या. दक्षिणेकडील गोरे अधिकारी कृष्णवर्णीयांचा वाटा डावलतील, हे त्या जाणून होत्या. म्हणून राज्याराज्यांत कृष्णवर्णीय सहायक नेमावेत, हा त्यांचा आग्रह. उच्च शिक्षणासाठी त्यांनी स्वतंत्र निधी मिळविला. १९४३ पर्यंत या निधीतून चार हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना सहा लाखांवर डॉलर मिळाले. कृष्णवर्णीय महाविद्यालयांत विमानचालनाचे शिक्षण सुरू व्हावे, यासाठीही त्या झगडल्या.

या कार्याला मर्यादा होत्या. निधी वेगळा असल्याने वर्णभेदाची भिंत उभीच राहिली. १९४३ साली ती योजनाच बंद पडली. पण जे विद्यार्थी शिकले, त्यांचे शिक्षण कोण परत घेणार?

त्याच सुमारास, ऑक्टोबर १९४२ मध्ये, बाबासाहेबांनी व्हाइसरॉयना निवेदन दिले. त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या मागितल्याच. शिवाय सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागाही मागितल्या. ग्रंथातील विद्येला कामाच्या जागेची जोड हवी, हे दोघांनीही ओळखले होते.

१८ मे १९५५ रोजी बेथ्यूनबाईंचे निधन झाले. २०२२ साली अमेरिकेच्या संसदभवनात फ्लोरिडातर्फे त्यांचा पुतळा बसला. त्या जागी पूर्वी गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या एका सेनापतीचा पुतळा होता!

वाचकहो, बेथ्यूनबाई ख्रिस्ती होत्या. पण त्यांच्या कार्याचे मर्म आपल्या धम्मात आहे. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी आचार्याची कर्तव्ये सांगितली. शिष्याला नीट शिकवावे आणि आपल्या मित्रमंडळींत त्याची ओळख करून द्यावी, ही त्यांतलीच. मालकाने सेवकाला शक्तीप्रमाणे काम आणि योग्य वेतन द्यावे, हेही तेथेच सांगितले आहे.

आज आपल्यातले कित्येक जण अधिकारी, वकील, डॉक्टर, अभियंते आहेत. त्यांनी स्वतःला एवढेच विचारावे : माझ्या हाताखाली वस्तीतला एक तरी विद्यार्थी काम शिकतो आहे काय? शिकत असेल, तर त्याला दाम मिळतो काय? अनुभवाच्या नावाखाली फुकट राबविणे ही वेठच होय, आणि वेठ काय असते हे आपल्या वाडवडिलांइतके कोणाला ठाऊक? ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटते, तो फुकट शिकायला येऊच शकत नाही. म्हणून वर्गणी द्या, जयंती साजरी करा. पण त्याबरोबर एका मुलाचे, एका मुलीचे कल्याणमित्र व्हा.

जय भीम!