एम.आर.आय.चे आजोबा : आय. आय. रबी

कुणाला हार्टचा एम.आर.आय. सांगितला की घरातले आधी विचारतात, खर्च किती? मग, रिपोर्ट कधी? ते मशीन चालतं कसं हे कोण विचारणार! पण त्याची सुरुवात ज्यांच्या लॅबमध्ये झाली, त्या इसिडॉर आयझॅक रबींना प्रश्न विचारायचीच सवय होती. शाळेतून आल्यावर आई म्हणे त्यांना काय शिकलास असं विचारत नसे, आज चांगला प्रश्न विचारलास का, असं विचारायची.

जन्म १८९८ चा, आज पोलंडमध्ये असलेल्या रिमानोव्ह गावी. कुटुंब ज्यू आणि गरीब. रबी तान्हे असतानाच सगळे न्यूयॉर्कला आले. १९१९ मध्ये कॉर्नेलमधून केमिस्ट्रीची डिग्री घेतली, पण पुढची तीनेक वर्षं धड काही जमेना. मग कोलंबियात फिजिक्स.

पीएच.डी.चा विषय होता क्रिस्टल्सचे चुंबकीय गुण. रूढ पद्धत फार किचकट होती. रबींनी आयडिया केली. चुंबकाच्या क्षेत्रात क्रिस्टल एका द्रावणात टांगला आणि तो हलायचा थांबेपर्यंत द्रावणाची तीव्रता बदलत गेले. थांबला म्हणजे दोघांचे गुण सारखे. आता फक्त द्रावण मोजायचं! आपल्याकडच्या के. एस. कृष्णन यांनीही पुढे हीच पद्धत वापरली. १९२६ च्या जुलैमध्ये रबींनी पेपर पोस्टात टाकला आणि दुसऱ्या दिवशी लग्न केलं. सबमिशन वेळेत करण्याला याहून चांगलं कारण मिळणं कठीण.

युरोपात ऑटो स्टर्नकडे रेणूंचे झोत शिकून १९२९ ला ते कोलंबियात शिकवायला लागले. (शिकवायचे मात्र यथातथाच, असं विद्यार्थी सांगत.) १९३८ मध्ये लिथियम क्लोराइडच्या रेणूंचा झोत चुंबकांमधून सोडून त्यावर रेडिओलहरी टाकल्या. ठराविक फ्रीक्वेन्सीला अणुकेंद्रकं उलटली आणि डिटेक्टरवरचा झोत एकदम घटला. हाच मॅग्नेटिक रेझोनन्स. १९४४ चं नोबेल त्यालाच मिळालं.

पुढे १९४६ मध्ये पर्सेल आणि ब्लॉख यांनी हाच रेझोनन्स पॅराफिन आणि पाण्यात दाखवला. १९७३ मध्ये लाउटरबर यांनी त्यातून चित्र काढलं. हृदयाचं चित्र सगळ्यात अवघड, कारण ते गप्प बसत नाही! म्हणून मशीन ई.सी.जी.कडे बघून प्रत्येक ठोक्याच्या त्याच क्षणाला थोडा थोडा डेटा घेतं आणि अनेक ठोक्यांतून चित्र जुळवतं. १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये शरीरातल्या हायड्रोजनची केंद्रकं साधारण ६४ मेगाहर्ट्झला प्रतिसाद देतात. एक्स-रे लागत नाही.

जानेवारी १९८८ मध्ये रबी कॅन्सरने गेले. त्याआधी शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी त्यांनाच एम.आर.आय.मध्ये झोपवलं होतं. नळीच्या चकचकीत भिंतीत त्यांना स्वतःचा वेडावाकडा चेहरा दिसला, आणि आपलं काम इथवर येईल असं कधी वाटलं नव्हतं, हे त्यांनी बोलूनही दाखवलं.