विश्लेषण: बालवाडी थेट वस्तीच्या अंगणात का गेली? ताराबाई मोडक यांनी काय बदलले?

गावात बालवाडी सुरू झाली की सगळ्या मुलांना तिचा सारखाच फायदा होतो का? ‘अंगणवाडी’ या नावामागे याच प्रश्नाचे उत्तर आहे. ते शोधले ताराबाई मोडक यांनी.

ताराबाई कोण होत्या?
जन्म १८९२, मुंबई. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी माँटेसरी पद्धतीवर काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले. तिथली मुले मुख्यतः मध्यमवर्गीय घरांतली होती. घरून न्हाऊन, खाऊन, आवरून येणारी.

बोर्डीत अडचण काय आली?
१९४५ मध्ये त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डी गावात काम सुरू केले. सोबत अनुताई वाघ होत्या. पण गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. आईवडील मजुरीला जात, मोठे भावंड धाकट्याला सांभाळी. मुलांना आवरून कोण पाठवणार?

मग उपाय काय केला?
मुले येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. आधी आंघोळ, नखे, केस. मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, पाने, बिया वापरल्या.

कोसबाडला काय घडले?
१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ गेले. धाकट्या भावंडामुळे शाळा बुडू नये म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. ही ‘विकासवाडी’. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणातच जाऊ लागले. ती ‘कुरणशाळा’.

यातून काय कळते?
ज्याच्या घरी पुस्तके, खेळणी आणि वेळ देणारे मोठे माणूस आहे, त्याच्यासाठी बालवाडी ही जास्तीची गोष्ट. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याच्यासाठी ती पहिलीच संधी. सर्वाधिक फायदा त्याचाच, पण दारापर्यंत पोहोचणेही त्यालाच सर्वात अवघड. म्हणून ताराबाईंनी मुलाला दोष न देता बालवाडीची जागा, वेळ आणि साधने बदलली.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्राची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आहार, लसीकरण आणि शाळापूर्व शिक्षण एकत्र देणाऱ्या तिच्या केंद्रांचे नाव ठरले अंगणवाडी.