भाऊसाहेब बांदोडकर : वस्ती सुधारायची तर आधी घर कुणाचं ते ठरवा

पेडणे : जुनी वस्ती सुधारायची म्हटलं की आज लोक पहिल्यांदा विचारतात, बिल्डर कोण? भाऊसाहेबांच्या काळात प्रश्न वेगळा होता. राहतं घर नेमकं कुणाचं?

दयानंद बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी आपल्या पेडण्यात झाला. खाण व्यवसायात त्यांनी नाव आणि पैसा दोन्ही कमावलं. १९६१ मध्ये पोर्तुगीज राजवट संपली. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत मगो पक्ष जिंकला आणि २० डिसेंबरला भाऊसाहेब गोवा, दमण व दीवचे पहिले मुख्यमंत्री झाले.

त्या वेळी असंख्य गरिबांची घरं भाटकाराच्या जमिनीवर होती. घरात राहणारा तो मुंडकार. पिढ्या गेल्या तरी जमीन त्याची नाही. भाटकाराची मर्जी फिरली की संसार उचलायची भीती. असा माणूस कौलं बदलतानासुद्धा दहा वेळा विचार करणार. वस्त्या मोडकळीला येतात त्या अशाच.

१९६४ मध्ये कूळ कायदा आला आणि शेत कसणाऱ्याला आधार मिळाला. १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाची बाजू हरली, पण त्याच वर्षीच्या निवडणुकीत लोकांनी सत्ता पुन्हा भाऊसाहेबांकडेच दिली. १९६८ मध्ये नगरपालिका कायदा झाला, गृहनिर्माण मंडळाचा कायदाही झाला. शहरात घरं उभी करणं हे सरकारचंही काम आहे, हे त्यातून ठरलं. पर्वरी, डिचोली इथल्या हाउसिंग बोर्ड वसाहती आज सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. १९७१ च्या कायद्याने मुंडकाराला घराबाहेर काढण्याला आळा घातला.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रीपदावर असतानाच भाऊसाहेब गेले. त्यांच्यानंतर कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७५ च्या मुंडकार कायद्याने घराची जागा विकत घ्यायचा हक्क दिला. पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत, शहरात २०० पर्यंत.

काम मात्र पुरं झालेलं नाही. मुंडकारांचे दावे मामलेदार कचेऱ्यांत अजून पडून आहेत. सावंतवाडी असो की बेळगाव, वस्ती पाडून नवी बांधायची योजना कुठेही येऊ शकते. त्या दिवशी ज्याच्या हातात घराचा कागद नाही, त्याचं नाव नव्या इमारतीच्या यादीत येणं कठीण. म्हणून कागदाचं काम सरकारने आधी संपवावं, नकाशे मागाहून काढावेत.