गाडीला दारू पाजणारा प्रोफेसर

मेकॅनिकलच्या पुस्तकांत माणसं भेटतात ती नुसती सायकलच्या नावाला चिकटलेली. ऑटो, डिझेल, कार्नो वगैरे. उर्बानो अर्नेस्टो स्टुम्फ यांच्या नावाची सायकल नाही, त्यामुळे सिलॅबसमध्ये ते येत नाहीत आणि व्हायव्हाला कुणी विचारणारही नाही. ब्राझीलमध्ये मात्र अल्कोहोल इंजिनाचे जनक म्हणून त्यांना मोठा मान आहे. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यात आपल्या उसाचाही वाटा आहे. पण पेट्रोलची जुनी गाडी पूर्णपणे अल्कोहोलवर आणायची म्हणजे काय, हे मला कळलं ते या स्टुम्फसरांच्या कामामुळे.

त्यांचा जन्म १९१६ चा, ब्राझीलच्या दक्षिण टोकाला, नाओ-मे-तोके नावाच्या गावी. या नावाचा अर्थ चक्क 'मला शिवू नका'! अशा गावचा माणूस पुढे जन्मभर इंजिनांत हात काळे करत राहिला, हे मला भलतंच आवडलं. साओ जोसे दोस काम्पोस या शहरातल्या विमानविद्येच्या प्रसिद्ध संस्थेतून, 'ईटा'मधून, ते १९५० साली इंजिनिअर झाले. पहिलीच बॅच. वय तेव्हा तेहतीस-चौतीस! (इयर डाऊनवाल्या मित्रांनी ही ओळ अधोरेखित करावी.) पुढे तिथेच ते शिकवायला लागले आणि पन्नासच्या दशकापासून अल्कोहोलवर चालणाऱ्या इंजिनाच्या मागे लागले.

त्यांना खरा भाव आला तो १९७३ मध्ये, तेलाच्या किमती चौपट झाल्या तेव्हा. ब्राझील आपलं सुमारे ८० टक्के तेल बाहेरून आणत होता. १९७५ साली राष्ट्राध्यक्ष गाइझेल सरांची प्रयोगशाळा बघायला आले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला सरकारने 'प्रोआल्कोल' ही योजना जाहीर केली.

पण लोकांना पटायचं कसं? १९७६ मध्ये सरांच्या टीमने बदल केलेल्या तीन गाड्या रस्त्यावर काढल्या. एक डॉज १८००, एक फोक्सवॅगन बीटल आणि एक गुर्गेल शावांते ही छोटी जीप. देशभर आठ हजार किलोमीटरहून जास्त फिरवल्या, नुसत्या अल्कोहोलवर.

आता इथे जरा थांबू. आमच्या हॉस्टेलवर एक पक्कं मत आहे : कार्बोरेटरचा जेट मोठा करा, गाडी कशावरही पळते. हे अर्धंच खरं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडायला हवं, जेट मोठा हवाच. पण पुढे? इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे नॉकिंगची भीती न बाळगता कॉम्प्रेशन रेशो वाढवता येतो. त्या काळच्या पेट्रोल इंजिनांत तो सात-आठ असायचा, अल्कोहोलच्या इंजिनांत दहा-बाराच्या घरात गेला. हे नाही केलं तर काय? लिटरमागे ऊर्जा एक-तृतीयांश कमी, म्हणजे गाडी नुसती ढोसत राहणार! शिवाय वाफ होताना इथेनॉल खूप उष्णता ओढतं, म्हणून मॅनिफोल्ड गरम ठेवायचा. गारठ्यात गाडी स्टार्टच होत नाही, म्हणून बॉनेटखाली पेट्रोलची छोटी टाकी, फक्त स्टार्टपुरती. आणि सगळ्यात चिवट दुखणं गंजाचं. तिकडच्या अल्कोहोलमध्ये थोडं पाणी असतंच. कार्बोरेटरचा जस्ताचा मिश्रधातू, टाकी, पंप, रबरी नळ्या... एकेक करून सगळ्यांची वाट लागते. त्यावर उपाय म्हणजे कार्बोरेटरला निकेलचा मुलामा आणि टाकीला आतून कथलाचा थर.

१९७९ मध्ये दुसरं तेलसंकट आलं आणि फियाट १४७ ही कारखान्यातून अल्कोहोलसाठीच बनलेली गाडी बाजारात आली. त्याच सुमाराला जुन्या गाड्या बदलून द्यायचा धंदाही गल्लोगल्ली फोफावला. आणि तिथे घोळ झाला. स्वस्तात काम उरकणाऱ्या गॅरेजवाल्यांनी जेट बदलला, गंजाकडे बघितलंच नाही. गाड्या बंद पडू लागल्या, बदनामी झाली ती अल्कोहोलची. नव्या गाड्यांतही सुरुवातीला खोट्या होत्याच. १९८१ मध्ये विक्री धाडकन आपटली. मला या गोष्टीचा राग येतो. सरांनी वीस-पंचवीस वर्षं घासून जे केलं, ते कुणीतरी एका दुपारी उरकायला बघितलं!

कारखान्यांनी मग चुका सुधारल्या आणि १९८५ च्या आसपास तिथल्या दहातल्या नऊ नव्या कार अल्कोहोलच्या होत्या. पण तेल परत स्वस्त झालं, साखरेला भाव आला, आणि १९८९ मध्ये पंपांवर अल्कोहोलच मिळेना. लोक रांगा लावून वैतागले. १९९८ साली स्टुम्फसर गेले तेव्हा शोरूममध्ये अल्कोहोलची नवी गाडी जवळजवळ दिसतच नव्हती. हे बघत म्हातारपण काढणं कसं असेल, कल्पना करवत नाही.

त्यांची डॉज साओ जोसे दोस काम्पोसच्या संग्रहालयात ठेवली आहे. पाच वर्षांनी, २००३ मध्ये, फोक्सवॅगनने गोल ही फ्लेक्स गाडी काढली, पेट्रोल-अल्कोहोल कुठल्याही प्रमाणात चालणारी. कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं होतं, मिश्रणाचा हिशेब आता कॉम्प्युटर करत होता. बॉनेटखाली थंडीतल्या स्टार्टसाठी पेट्रोलची ती छोटी टाकी मात्र होतीच.