योहान पेस्टालोझी : टाकलेल्या मुलांचे गुरु

एका खोलींत भरणाऱ्या शाळेंत सर्व मुलें सारख्या कुवतीचीं कधींच नसतात. एक झटकन् शिकतें, एकास अक्षर लागत नाहीं, एक उपाशी आलेलें असतें, एक भिऊन तोंडच उघडीत नाहीं. अशा सर्वांस एकत्र कसें शिकवावें, हा प्रश्न सोडविण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्यांचें चरित्र आम्ही आज थोडक्यांत देतों.

योहान हाइनरिख पेस्टालोझी यांचा जन्म स्वित्झर्लंड देशांत झुरिच शहरीं ता. १२ जानेवारी १७४६ रोजीं झाला. ते पांच वर्षांचे असतां त्यांचे वडील वारले. आई व बाबेली नांवाची एकनिष्ठ मोलकरीण या दोघींनीं मोठ्या काटकसरीनें घर चालविलें. शाळेंत ते अजागळ असत. हस्ताक्षर वाईट, शुद्धलेखन त्याहून वाईट. सोबत्यांनीं त्यांस वेड्याचें टोपणनांव ठेविलें होतें. त्यांचे आजोबा एका खेड्यांत पाळक होते. त्यांच्या सहवासांत गरिबांचीं घरें त्यांनीं लहानपणींच पाहिलीं.

मोठेपणीं त्यांनीं बिर गांवाजवळ शेती केली, ती बुडाली. १७७४ सालीं तेथेंच गरीब मुलें जमवून, त्यांस कातणें-विणणें व त्याबरोबर लिहिणें-वाचणें शिकविण्याचा उद्योग मांडला. १७८० सालीं तोही द्रव्याभावीं बंद पडला. पुढें ग्रंथ लिहून त्यांचें नांव झालें, परंतु हातीं शाळा आली नाहीं. लोक म्हणत कीं, ज्यास स्वतःचें घर सांभाळतां येत नाहीं, तो दुसऱ्यांचीं मुलें काय सांभाळणार?

सन १७९८ च्या सप्टेंबरांत फ्रेंच सैन्यानें स्टान्स गांव जाळलें. त्या मुलुखांत शेंकडों माणसें मारलीं गेलीं. पोरक्या मुलांसाठीं सरकारनें पेस्टालोझी यांस धाडिलें. १७९९ च्या आरंभीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, जोगिणींच्या एका मठांत त्यांनीं काम आरंभिलें. मुलें लवकरच सुमारें ऐंशीं झालीं आणि मदतीस घर सांभाळणारी एकच बाई. कित्येकांच्या अंगावर खरूज व उवा. कोणी हाडांचे सांपळे, कोणी निर्ढावलेले भिकारी, तर कोणी खात्यापित्या घरचीं लाडावलेलीं. दहांत एकासही धड मुळाक्षरें येत नव्हतीं. शिवाय गांव रोमन कॅथॉलिक व हे प्रॉटेस्टंट, तेही नावडत्या सरकारनें पाठविलेले. म्हणून आईबापही संशयानें पाहत. अंगावर कपडे चढले कीं कित्येक जण मुलांस परत घेऊन जात.

पेस्टालोझी यांनीं प्रथम धडा मांडला नाहीं. प्रथम विश्वास मिळविला. ते मुलांबरोबर जेवत, त्यांच्यामध्येंच निजत, दुखणाइतांच्या उशाशीं बसत. कधीं कधीं त्यांनीं चापटही मारली, हें त्यांनीं लपविलें नाहीं. परंतु दिवसभर प्रेम पाहिलेल्या मुलांनीं तिचा राग धरला नाहीं. ज्यास थोडें येई तें मूल दोन सोबत्यांच्या मध्यें बसे, त्यांच्या गळ्यांत हात घाली, व आपणांस येत असलेलें त्यांस शिकवी. अशा रीतीनें हुशार मुलाचा गर्व गेला व मंद मुलाची लाज गेली. जवळचें आल्टडोर्फ गांव जळालें, तेव्हां तेथील वीसेक अनाथ घेतले तर तुम्हांस अन्न कमी मिळेल व काम अधिक पडेल, हें त्यांनीं मुलांस स्पष्ट सांगितलें. तरी मुलांनीं एकमुखानें त्यांस आणण्याची विनंती केली. ही त्या शाळेची खरी परीक्षा होय.

जून १७९९ मध्यें त्या जागेंत लष्करी इस्पितळ आलें आणि शाळा मोडली. पेस्टालोझी यांची प्रकृति पार ढासळली होती. तरी त्याच वर्षीं ते बुर्गडोर्फ येथें, एका जोडे शिवणाऱ्याच्या शाळेंत, खालच्या वर्गास शिकवूं लागले. प्रश्नोत्तरावलीची घोकंपट्टी करवीत नाहींत, म्हणून पालकांनीं त्यांस तेथून काढविलें. मग दुसऱ्या एका शाळेंत लहान मुलें मिळालीं. भिंतीवरील फाटक्या कापडाचीं भोंकें, आकार व रंग पाहून मुलें वर्णन करीत. खडे मांडून मोजीत. आधीं वस्तु, मग शब्द, असा क्रम असे. १८०० च्या मार्चांत शाळासमितीनें परीक्षा घेतली व लेखी अभिप्राय दिला कीं, भिन्न कुवतीच्या मुलांची प्रगति आश्चर्यकारक आहे. शिक्षकास गुण हुडकतां आला, तर प्रत्येक मूल कांहीं तरी करण्यास लायक ठरतें.

इव्हर्डन येथील त्यांची शाळा १८०५ पासून १८२५ पर्यंत चालली. पुढें बालोद्यान पद्धति काढणारे फ्रोबेल तेथें दोन वर्षें राहिले होते. आणि पंडिता रमाबाईंनीं अमेरिकेंत त्याच बालोद्यान पद्धतीचा अभ्यास करून १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें. शिक्षकांच्या आपसांतील भांडणांनीं इव्हर्डनची शाळाही बंद पडली. ता. १७ फेब्रुवारी १८२७ रोजीं पेस्टालोझी वारले. बिर येथील शाळेजवळ त्यांस पुरलें.

त्यांची एकही शाळा टिकली नाहीं, तरी त्यांचें काम टिकलें. आमच्या खेड्यांतील गुरुजींनीं व शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें : मागील ओळींत गप्प बसलेलें मूल दगड नव्हे. त्याच्या शेजारीं एक सोबती बसवा, त्याच्या हातीं चार खडे द्या, आणि त्यास भीति वाटणार नाहीं असें आपलें मुख ठेवा.